नक्षत्र पाळणारा डेलिया

जगाच्या नकाशावर पारनेर सापडत नाही, पण जागा अंदाजाने दाखवता येते. नगर आणि शिरूर यांच्या मध्ये, 19 अक्षांशाच्या रेघेवर, जवळजवळ नेमकं. त्या रेघेवर बोट ठेवून पश्चिमेला निघालं की मुंबई लागते, मग अरबी समुद्र, अरबस्तान, सुदान, सहाराची वाळू, अटलांटिक महासागर, हैती, आणि मग मेक्सिको. मेक्सिको सिटी 19 अंश 26 मिनिटांवर आहे. आमच्या-तिच्यातला फरक अर्ध्या अंशाचाही नाही. 21 जूनला पारनेरात दिवस सव्वातेरा तासांचा, तिथेही तेवढाच. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस दोन्हीकडे अकरा तासांच्या आसपास. ऊन तिथेही एप्रिल-मेमध्ये तापतं, पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरात माघारी फिरतो.

हे पुस्तक ज्या झाडाबद्दल आहे ते त्या प्रदेशातलं. मेक्सिको, ग्वाटेमाला आणि त्यांच्या दक्षिणेचे उंच डोंगर हे त्याचं माहेर. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘डालिया इम्पेरिआलिस’ म्हणतात, जपानी लोक ‘सम्राट डेलिया’ म्हणतात, इंग्रजीत त्याला झाड म्हणतात. मी ‘झाड-डेलिया’ म्हणतो, जरी ते खरं झाड नाही. खोडात लाकूड असं नसतंच. बांबूसारख्या पेरांची पोकळ कांडी, जमिनीखाली कंद, आणि एका हंगामात दहा-पंधरा फुटांची धाव. माहेरी आणखी जास्त, पंचवीस-तीस फुटांपर्यंत. पानं हातभर लांब आणि पुन्हापुन्हा विभागलेली, शेवग्याच्या पानाची आठवण करून देणारी. आणि हे सगळं वाढून झाल्यावर, वर्षाच्या अगदी शेवटी, शेंड्याला खाली माना घातलेली फिकट जांभळी फुलं. आठ पाकळ्या, मधे पिवळी चकती, पंज्याएवढा घेर.

मराठी वाचकाला डेलिया माहीत आहे तो कुंडीतला. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात ताटाएवढी फुलं मांडलेली असतात, लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. तो डेलिया म्हणजे दोनशे वर्षांच्या संकराचं काम आहे. त्यात मूळ रानफुलाचं काय उरलंय हे शोधावं लागतं. झाड-डेलिया मात्र अजून बराचसा रानातला तसाच राहिला आहे. त्याला कुणी फार सुधारलं नाही, म्हणून मला तो आवडतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या एका प्रकरणात तो सविस्तर आहे. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाने मेक्सिकोच्या वनस्पती नोंदवायला फ्रान्सिस्को एर्नांदेस या वैद्याला पाठवलं. त्याच्या नोंदींत डेलिया सापडतो, ‘अकोकोत्ली’ या स्थानिक नावाने. पाण्याची नळी, असा त्या नावाचा अर्थ लावतात. पोकळ कांडी पाहिली की नाव पटतं. 1789 मध्ये मेक्सिकोहून बी माद्रिदच्या राजउद्यानात गेलं आणि 1791 मध्ये आबे काव्हानीयेस याने स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ आंदेर्स डाल याच्या स्मरणार्थ फुलाला नाव दिलं. डाल 1789 मध्येच वारला होता. बटाट्याला पर्याय म्हणून युरोपने डेलियाचे कंदही खाऊन पाहिले. चव कुणाला रुचली नाही आणि फूल बागेत राहिलं. झाड-डेलियाला शास्त्रीय नाव मिळालं ते बरंच पुढे, 1863 मध्ये, बेनेडिक्ट रोझल या बोहेमियाच्या वनस्पती-संग्राहकामुळे. हा रोझल विलक्षण माणूस. वाख काढण्याच्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवताना क्यूबात त्याचा एक हात गेला. त्याजागी लोखंडी आकडा लावून तो पुढे वर्षानुवर्षं अमेरिकेच्या जंगलांत फिरत राहिला. प्रागमध्ये त्याचा पुतळा आहे.

आता मुद्द्याचं. ‘हे आमच्याकडे येईल का?’ असं कुणी विचारतं तेव्हा त्याच्या मनात थंडी, ऊन आणि पाऊस असतात. झाड-डेलियाच्या बाबतीत आधी विचारायला हवी ती रात्र. फुलावं कधी हे तो हवेच्या गारव्यावरून ठरवत नाही. दिवस बारा तासांच्या खाली उतरू लागला आणि रात्र सलग, न तुटता, लांबू लागली की शेंड्यातली पानं काढण्याची घाई थांबते आणि कळी धरते. कळी धरल्यापासून फूल उमलायला सहा-सात आठवडे लागतात. झाडांचं हे दिवसमान-शास्त्र 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून मांडलं. पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या शेवंतीवाल्यांना ते वेगळं शिकवावं लागत नाही. शेवंतीही त्याच स्वभावाची. पॉलीहाउसमध्ये शेवंती लांबवायची असेल तर मध्यरात्री दिवे लावतात, लवकर आणायची असेल तर संध्याकाळ व्हायच्या आत काळं कापड ओढतात. शेजारचं अकोळनेर तर फुलांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. तिथे झेंडू-शेवंतीच्या शेतकऱ्याशी बोलताना मला ‘रात्र मोजणारं झाड’ हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत.

आणि इथेच आपल्या जुन्या पंचांगाचा एक उपयोग ध्यानात आला. तिथी चंद्राच्या आणि पावसाची नक्षत्रं सूर्याची. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही पडते, पण मृग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो आणि हस्त 26-27 सप्टेंबरला. दिवसमान सूर्यावर चालतं, म्हणून डेलियाही नक्षत्रं पाळतो, तिथी पाळत नाही. हत्तीच्या पावसाच्या तोंडावर दिवस आणि रात्र समसमान होतात, स्वातीत शेंड्याला कळ्या बोटाने चाचपता येतात, विशाखात पहिलं फूल. आमच्याकडे 12 नोव्हेंबरला सेनापती बापटांची जयंती असते (1880 साली त्यांचा जन्म इथे पारनेरात झाला), त्या आठवड्यात वर मान करून बघायची मला सवय लागली आहे. एखादं वर्ष चार दिवस पुढे-मागे होतं. दिवाळीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

यातून जे निघतं ते प्रथम लक्षात आलं तेव्हा मी थोडा चक्रावलो. सप्टेंबरची 22-23 तारीख सगळ्या जगात दिवस-रात्र सारखी करते. लंडनमध्येही, तोक्योमध्येही, आमच्या सुपा फाट्यावरही. तेव्हा उत्तर गोलार्धात झाड-डेलियाची फुलायची तारीख जवळपास एकच, नोव्हेंबर. हवामान ती तारीख फारशी बदलत नाही. ती तारीख गाठेपर्यंत झाड उभं राहील की नाही, एवढंच हवामान ठरवतं.

लंडनचं बघा. उन्हाळ्यात तिथे साडेसोळा तासांचा दिवस, झाड भराभरा वाढतं, ऑक्टोबरला माणसाच्या दुप्पट उंच होतं, कळ्याही धरतात. आणि एका रात्री हिम पडतं. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळी. तिथले हौशी लोक त्याला काचघरात नेतात किंवा नुसत्या पानांसाठी लावतात. जपानच्या सखल भागात पहिलं जोरदार हिम साधारण फुलांनंतर येतं, म्हणून तिथे नोव्हेंबरात घराघरांच्या कुंपणावरून हा सम्राट डोकावतो. जपानचा उल्लेख उगीच करत नाही. आमच्या सुपा औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा राखलेला आहे. तिथल्या एखाद्या साहेबाला कुंपणापलीकडे हे फूल दिसलं तर त्याला क्षणभर आपण कुठे आहोत हे कळणार नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात, तो सुखाने राहतो; डेलिया हे तर त्या शहराचं 1926 पासूनचं अधिकृत फूल. सिडनी, मेलबर्न, ऑकलंड इथे सगळं उलटं: दिवस मार्चनंतर बारा तासांखाली उतरतात, म्हणून फूल एप्रिल-मेमध्ये. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी शेवटच्या प्रकरणात वेगळं वेळापत्रक दिलं आहे. त्यांनी फक्त एकच आकडा शोधावा: आपल्या गावात सप्टेंबरअखेरपासून (दक्षिणेत मार्चअखेरपासून) पहिल्या हिमापर्यंत किती आठवडे मिळतात. आठ मिळाले तर लावा. पाच मिळत असतील तर पानांवर समाधान माना.

पारनेरात हिमाचं भय नाही. निफाडचा पारा कधीकधी द्राक्षबागायतदारांना रडवण्याइतका उतरतो, पण आपल्या पठारावर नोव्हेंबरात कळी करपेल अशी थंडी पडत नाही. तेव्हा घड्याळ जुळतं, हिम नाही, मग अडतं कुठे? उंचीत. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर आहे, पारनेर सातशेच्या वर-खाली. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो, म्हणजे दोन्ही गावांत दहा अंशांचा फरक. तिथल्या मे महिन्यातली दुपार सत्तावीसच्या आसपास, आमची चाळिशीला टेकलेली. पाऊसही त्याच्या माहेरच्या डोंगरांवर आपल्याहून पुष्कळ जास्त. आमच्याकडे वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर.

माझी पहिली दोन वर्षं या उंचीनेच खाल्ली, असं मी म्हणत असे. खरं तर ती माझ्या मायेने खाल्ली. एका थंड डोंगराळ गावातल्या बागेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार कांड्या मिळाल्या होत्या. फेब्रुवारीत लावल्या, बादलीने पाणी घातलं. मार्चअखेरीस कोंब वीतभर. एप्रिलमध्ये पानांच्या कडा भाजल्या, मग लाल कोळी आला, मग खोड मऊ पडलं. उकरून पाहिलं तर कंद कुजलेला. दुसऱ्या वर्षी शेडनेट केलं, पाणी आणखी वाढवलं, आणि तोच शेवट जरा सावकाश पाहिला.

उपाय डाळिंबवाल्या शेजाऱ्याकडून मिळाला आणि त्याला ते माहीतही नाही. मृग बहार धरायचा म्हणून त्याने बाग ताणावर सोडली होती. पाणी बंद, पानगळ, झाड निजलेलं. पाऊस आला की ताण तोडायचा. मेक्सिकोच्या डोंगरांतही हिवाळा-उन्हाळा कोरडाच असतो. फुलून झाल्यावर कंद निजतो आणि ओल आल्यावर उठतो. आपला भयंकर उन्हाळा नेमका त्याच्या झोपेत पडतो, फक्त आपण त्याला उठवता कामा नये. तेव्हापासून जानेवारीअखेर खोड गुडघ्याएवढं ठेवून छाटतो, वर पाचटाचं जाड आच्छादन घालतो, आणि मृगापर्यंत एक थेंब देत नाही. माझी आत्या येताजाता त्या सुक्या कोपऱ्याकडे बघून ‘मेलं की काय ते?’ म्हणते. जून संपता संपता ते उठतं.

लावणीबद्दल तर नगर जिल्ह्यातल्या माणसाला काही सांगणं म्हणजे आगाऊपणा. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी उभा राहिला, तिथल्या पोराला टिपरं म्हणजे काय ते कळतं. झाड-डेलिया अगदी तसाच लावतात: दोन डोळ्यांची कांडी, आडवी, दोन-तीन इंच मातीखाली. फरक दोन. उसाचं टिपरं भरीव असतं, हे पोकळ, म्हणून कापताना पेराच्या बाहेरून कापावं, नाहीतर नळीत पाणी साचून कांडी सडते. आणि ऊस पाण्यात उभा राहतो, हा राहत नाही. कंदापासूनही लावता येतो, पण बटाट्याच्या सवयीने फसू नये. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाला डोळा फक्त मानेशी, जिथे तो जुन्या खोडाला चिकटलेला असतो तिथे. मान तुटलेला कंद कितीही गुटगुटीत असला तरी उगवत नाही.

जमिनीचं म्हणाल तर काळ्या भारी रानात लावू नये. पारनेरच्या मुरमाड उताराचा इथे उपयोग होतो, निचरा आपोआप मिळतो. पण आपल्या मातीत चुनखडी फार. ऑगस्टमध्ये शिरा हिरव्या आणि पान पिवळं पडलं की ओळखावं: उसावर पडतो तोच केवडा. शेणखत सढळ हाताने घालावं, लोहाची फवारणी करावी, आणि हुमणी आहे का ते खड्डा घेतानाच बघावं. श्रावणात एकदा-दोनदा शेंडा खुडला तर उंची आवरते आणि फांद्या वाढतात. भाद्रपद लागल्यावर मात्र शेंड्याला हात लावायचा नाही, कळी तिथेच बसणार असते.

वाऱ्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत. दहा फुटांची पोकळ कांडी, तिला हातभर पानं, वरून ऑक्टोबरातलं वळीव. एका संध्याकाळी काडकन आवाज आला आणि वर्षभराची उंची आडवी झाली. आता आषाढातच तीन बांबू रोवून ठेवतो, आणि जागा घराच्या पूर्वेला, जिथे नैर्ऋत्येचा वारा भिंतीने अडतो. दुपारनंतरची सावलीही त्यात मिळते.

महाराष्ट्रात त्याला याहून सोयीची घरं नक्कीच आहेत. पाचगणी जवळपास तेराशे मीटरवर आहे आणि महाबळेश्वरच्या मानाने तिथे पाऊस माफक. माझ्या मते राज्यातली सर्वांत योग्य जागा तीच. महाबळेश्वरला गारवा आणखी, पण पावसाळ्यात कंद निथळायला उतार हवाच. चिखलदऱ्याला करून बघण्यासारखं आहे. सीमेपलीकडच्या बेळगावकरांनाही फारसे कष्ट पडू नयेत. कोकणात मी सुचवणार नाही, तिथे रात्रसुद्धा गार होत नाही आणि दमटपणात भुरी सोडत नाही. पण कोकणी माणूस माझं ऐकून थांबेल असं नाही.

‘परदेशी झाड कशाला?’ असा प्रश्न या पुस्तकाला येणार, आणि तो रास्त आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा, लग्नाच्या हारातला निशिगंध तिथलाच, देवळापुढचा चाफा त्या बाजूचा, बांधावरचा घायपातही. मिरची-टोमॅटो-मक्याचं तर बोलायलाच नको. पण गाजरगवतही त्याच खंडातून आलं, पन्नासच्या दशकात पुण्यात नजरेस पडलं आणि मग काय झालं ते आपण बघतो आहोत. झाड-डेलिया हवाई बेटांवर आणि पूर्व ऑस्ट्रेलियात बागेतून रानात पळालेला आहे. पारनेरच्या कोरड्यात तो पळेल असं मला वाटत नाही, ओलसर घाटमाथ्यावर मात्र छाटलेल्या कांड्या ओढ्यात टाकू नयेत. प्रत्येक कांडी म्हणजे बेणं. आणि परदेशातून येताना पिशवीत कंद लपवून आणू नयेत. वनस्पती संगरोधाचे नियम आहेत, आणि त्यांना कारण आहे. देशातल्या थंड डोंगराळ गावांतल्या बागांतून कांडी मिळते, मागून बघावी.

खाण्याचंही विचारतात. ग्वाटेमालातले केक्ची माया लोक त्याचा कोवळा पाला भाजी म्हणून खातात. मी करून पाहिलेली नाही. आत्याने तसं पातेलं चुलीवर चढवायला साफ नकार दिला आहे.

एक गोष्ट मात्र मला कोणत्याही पुस्तकाने आधी सांगितली नाही, म्हणून ती प्रस्तावनेतच सांगून टाकतो. तिसऱ्या वर्षी झाड उत्तम आलं, अकरा-बारा फूट, दोन खोडं. नोव्हेंबरात एका खोडाला नऊ फुलं लागली आणि दुसरं नुसतं पानं काढत वर चाललं. खत एक, पाणी एक, कंदही एक. आठवडाभर मी मातीत कारण शोधत होतो. मग एका रात्री अंगणात उभा असताना दिसलं: पडवीचा दिवा. रात्रभर जळणाऱ्या त्या दिव्याचा उजेड फक्त एका खोडावर पडत होता. त्याच्या दृष्टीने रात्र अजून झालीच नव्हती. जपानात रस्त्यावरच्या दिव्याखालचे सम्राट असेच फुलायचे राहतात, हे नंतर वाचलं. भारनियमनाच्या दिवसांना मी आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं असेल तर ते त्या रात्री.

हस्त लागला की पडवीचा दिवा आता बंद असतो, थेट मार्गशीर्षापर्यंत. आत्या दोनदा ठेचकाळली, मग तिने बॅटरी उशाशी ठेवली. प्रश्न उरला होता आकाशकंदिलाचा. तोवर कळ्या धरलेल्या असतात, फारसं बिघडणार नाही असं मी म्हणत होतो. पण पूर्वेच्या भिंतीवरचा खिळा काढून तिनेच तो मागच्या दाराला ठोकला. आमच्या घरचा कंदील गेली काही वर्षं रस्त्यावरून दिसत नाही.